अंतर आणि वेळ : मुंबई ते कराची

अंतर म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. दोन ठिकाणांमध्यें दोरी ताणावी, ती मोजावी आणि जो आंकडा येईल तें अंतर, असें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु व्यवहारांत अंतर कोणी दोरीनें मोजीत नाहीं. पनवेलजवळच्या खांदा कॉलनींतील एखाद्या गृहस्थाला मुंबई किती दूर आहे असें विचारलें, तर तो किलोमीटर सांगत बसणार नाहीं. खांदेश्वर स्टेशनावर गाडी धरली कीं सवा तासांत बोरीबंदर, असें सांगून तो मोकळा होईल. पूर्वीच्या पिढ्यांची भाषाहि याहून निराळी नव्हती. ‘दोन मजलांची वाट’ किंवा ‘घटकाभराचा रस्ता’ असें म्हणणारा मनुष्य भूमीचें माप देत नसे. आपल्या आयुष्यांतील किती वेळ त्या वाटेला द्यावा लागेल, तें सांगत असे. भूगोलांतील अंतर आणि माणसाचें अंतर हीं दोन निराळीं मापें आहेत, आणि त्यांचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं.

पनवेलच्या लोकांना हा भेद परंपरेनेंच ठाऊक आहे, कारण पनवेल हें प्रथमपासून वाटेवरचें गांव. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हां मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी नावेनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून खुष्कीनें घाट चढूं लागे. पुढें आगगाडी कल्याण-कर्जतवरून गेली आणि बंदराचें महत्त्व उतरणीस लागलें. जवळजवळ दोन शतकांनीं तीच भूमि पुन्हां मोठ्या प्रवासाच्या वाटेवर आली आहे. ८ ऑक्टोबर १९२५ नव्हे, तर पुऱ्या शंभर वर्षांनंतरच्या ८ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. खांदा कॉलनीपासून हा विमानतळ अवघ्या कांहीं किलोमीटरांवर आहे. अमुक शहर येथून किती दूर, आणि तेथें विमानानें किती तासांत पोंचतां येतें, हा प्रश्न आतां या वस्तींतील घरांघरांत निघणें स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचें उत्तर नीट समजून घ्यावयाचें, तर आशियांतील कोणतींहि दोन शहरें घेऊन चालेल. परंतु मुंबई आणि कराची या जोडीइतकें बोलकें उदाहरण दुसरें मिळणें कठीण. ज्या वाटेवर हिंदुस्थानांतील पहिली टिकाऊ विमानसेवा सुरू झाली, ती हीच वाट. आणि जी वाट आज नकाशावर जवळची असूनहि व्यवहारांत फार लांबची होऊन बसली आहे, तीहि हीच.

प्रथम भूगोलाचें माप घ्यावें. यासाठीं मोठ्या गणिताची गरज नाहीं. घरांतील शाळकरी मुलांनाहि हें करतां येईल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे भूपृष्ठावर सुमारें १११ किलोमीटर. मुंबईचा सांताक्रूझ-अंधेरीचा विमानतळ सुमारें १९.१ अंश उत्तरेस आहे, तर कराचीचा सुमारें २४.९ अंशांवर. फरक ५.८ अंशांचा, म्हणजे कराची मुंबईच्या उत्तरेस ६४५ किलोमीटर भरतें. रेखांशांचा फरक सुमारें ५.७ अंशांचा आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जातांना एकमेकींजवळ येत असल्यामुळें या पट्ट्यांत रेखांशाचा एक अंश १११ नव्हे, तर सुमारें १०३ किलोमीटरच भरतो. म्हणजे कराची मुंबईच्या पश्चिमेस सुमारें ५९० किलोमीटर. आतां काटकोन त्रिकोणाचा परिचित सिद्धान्त लावला, कीं कर्णाची लांबी ८७० ते ८७५ किलोमीटर निघते. पृथ्वी गोल आहे हें लक्षांत घेऊन काटेकोर हिशोब केला तरी या आंकड्यांत फारसा पालट होत नाहीं. दोन शहरें हजारों किलोमीटर दूर असतील, तर मात्र सपाट कागदावरची सरळ रेषा फसवी ठरते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मिळणारी वाट, जिला महावृत्ताची वाट म्हणतात, तीच खरी सर्वांत जवळची असते.

हे ८७५ किलोमीटर म्हणजे किती, हें शेजारच्या आंकड्यांवरून ध्यानांत येईल. मुंबईपासून दिल्ली हवाई वाटेनें सुमारें ११४० किलोमीटर आहे. मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, हजाराच्या वर. आणि कलकत्ता तर साडेसोळाशेंच्या आसपास. मुंबईला स्वतःच्या देशाच्या राजधानीपेक्षां कराची अडीचशेंहून अधिक किलोमीटरनीं जवळ आहे. हें वाचून ज्याला नवल वाटेल, त्यानें ‘दूर’ हा शब्द मनांत कोठून आला, याचा विचार करावा.

आतां वेळ. जेट विमान उंचावर गेलें कीं हवेच्या संदर्भांत ताशीं सुमारें ८०० किलोमीटर वेगानें जातें. या हिशोबानें कराचीचा प्रवास एक तास आणि पांच-सहा मिनिटांचा होईल. परंतु वेळापत्रकांत जो वेळ छापलेला असतो, तो यापेक्षां अधिक असतो, आणि त्याचें कारण आहे. विमान-कंपनीचा वेळ विमान उभें असलेल्या जागेवरून हललें कीं सुरू होतो, आणि दुसऱ्या गांवीं आपल्या जागीं उभें राहिलें कीं संपतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणें, पाळीची वाट पाहणें, उंची गांठणें, मग वेग कमी करीत उतरणें, हें सारें त्यांत येतें. चढण्यांत वीस-एक मिनिटें आणि उतरण्यांत जवळजवळ तितकींच जातात, आणि या काळांत विमान आपल्या पूर्ण वेगानें चालत नाहीं. म्हणून आठ-नऊशें किलोमीटरांच्या पल्ल्याला दीड-पावणेदोन तास धरतात. पल्ला लहान असेल तितका या चढउताराचा वांटा मोठा, आणि पल्ला मोठा असेल तितका तो लहान. यामुळेंच दुप्पट अंतराला दुप्पट वेळ कधींच लागत नाहीं.

यांत भर पडते ती वाऱ्याची. विमान हवेंत चालतें, जमिनीवर नव्हे. म्हणून हवाच जर वाहत असेल, तर ती विमानाला सोबत घेऊन जाते किंवा मागें रेटते. हिंवाळ्यांत या पट्ट्यावर उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा, असा वारा कराचीस जातांना ताशीं ८० किलोमीटर अडवीत आहे. तर ८०० चा वेग ७२० वर येईल आणि मधल्या प्रवासाला ७३ मिनिटें लागतील. परत येतांना तोच वारा पाठीशीं असेल, तर वेग ८८० होऊन एका तासांतच तें अंतर कापलें जाईल. वाट तीच, विमान तेंच. परंतु जाण्याला आणि येण्याला तेरा मिनिटांचा फरक. टोकियोसारख्या दूरच्या पूर्वेकडील शहरास जातां-येतांना हा फरक तासा-दीड तासावर जातो.

वाऱ्याचा हा जुलूम जुन्या संथ विमानांवर कितीतरी अधिक चाले. ताशीं १६० किलोमीटर चालणाऱ्या विमानाला ४० किलोमीटरचा वारा आडवा आला, कीं त्याचा वेग १२० वर येई; तोच पाठीशीं असला, तर २०० वर जाई. म्हणजे त्या काळीं प्रवासाचा वेळ माणसाच्या हातांत अर्धाच होता. उरलेला अर्धा वाऱ्याच्या.

त्या काळाचाहि थोडक्यांत परामर्श घेणें योग्य होईल. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध जिंकला, १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला, आणि १ एप्रिल १९३६ रोजीं त्याचा निराळा प्रांत झाला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षें मुंबई आणि कराची हीं एकाच इलाख्यांतील दोन बंदरें होतीं. सिंधमधील विद्यार्थी १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत. सिंधमध्यें नव्या शिक्षणाचा पाया घालण्यांत नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय शिक्षणाधिकाऱ्याचा मोठा वांटा होता, आणि कराचींतील एक जुनी सरकारी शाळा त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. सरकारी नोकरी, रेल्वे, बंदर आणि व्यापार यांच्या निमित्तानें कित्येक मराठी कुटुंबें तेथें जाऊन राहिलीं. त्यांत कोंकणांतून गेलेलीं हिंदु कुटुंबें होतीं, तशींच कोंकणी मुसलमान कुटुंबेंहि होतीं. त्यांपैकीं कांहींचे वंशज आजहि कराचींत आहेत. तेथील मोजकीं मराठी घरें गणेशोत्सवहि करतात.

या दोन बंदरांतील जुना दळणवळणाचा मार्ग समुद्राचा. समुद्रानें हें अंतर सुमारें ५०० सागरी मैल. ताशीं बारा सागरी मैल चालणाऱ्या आगबोटीला चाळीस-बेचाळीस तास लागणार, हें उघड आहे. १९२० च्या जानेवारींत ब्रिटिश हवाई दलानें मुंबई-कराची टपाल विमानानें नेण्याचा प्रयोग केला. परंतु तो कांहीं आठवड्यांतच गुंडाळला गेला. पुढें ३० मार्च १९२९ रोजीं लंडनहून कराचीपर्यंतची विमानसेवा सुरू झाली आणि कराची हें हिंदुस्थानचें हवाई प्रवेशद्वार ठरलें. तेथें प्रचंड हवाई जहाजासाठीं एक अजस्र छपरीहि उभारली होती. परंतु ज्या जहाजासाठीं ती बांधली, तें आर-१०१ हें जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजीं फ्रान्समध्यें कोसळून जळालें, आणि ती छपरी पाहुण्याची वाट पाहतच राहिली.

लंडनची पत्रें याप्रमाणें कराचीस झपाट्यानें येऊन पडत, आणि तेथून पुढें आगगाडीच्या चालीनें मुंबईस व मद्रासेस जात. साऱ्या खंडाचें अंतर विमानानें कापावें आणि शेवटच्या टप्प्यावर दिवस घालवावे, ही विसंगति जहांगीर रतनजी दादाभाई टाटा आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या ध्यानांत आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास टाटांनीं ‘पस मॉथ’ जातीचें एक एंजिनाचें लहानसें विमान कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून उचललें. बरोबर प्रवासी कोणी नाहीं. होतें तें टपाल, वजनानें सुमारें २५ किलो. अहमदाबादेस उतरून विमानांत पेट्रोल भरण्यांत आलें. तें पेट्रोल डब्यांतून बैलगाडीनें आणलें होतें. दुपारीं दोनच्या आंत विमान जुहूच्या मैदानावर टेकलें. पुढचा बेल्लारीवरून मद्रासचा प्रवास व्हिन्सेंट यांनीं केला.

अहमदाबादच्या वळणामुळें ही वाट ८७५ ऐवजीं सुमारें १०४० किलोमीटरांची झाली होती. तरीहि आगबोटीच्या दोन दिवसांच्या जागीं सात-सव्वासात तास, हा त्या दिवसाचा हिशोब. वर्षभर सेवा चालविणें हें याहून अवघड होतें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून त्या महिन्यांत विमानें पुण्यास येरवड्याच्या मैदानावर उतरत. वाट दाखविणारी बिनतारी यंत्रणा नव्हती. वैमानिक खालच्या नद्या, आगगाडीचे रूळ आणि किनारा पाहून चाले. अशा साधनांनीं १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षांत या सेवेनें १,६०,००० मैल उड्डाण केलें आणि १५५ प्रवासी नेले. आज एका मोठ्या विमानांतच याहून अधिक माणसें बसतात.

घड्याळाचाहि एक भाग येथें सांगण्याजोगा आहे. प्रवासाला किती वेळ लागला, हें ठरविण्यासाठीं दोन्ही टोकांचीं घड्याळें एकच वेळ दाखवीत आहेत कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. १९०६ सालीं हिंदुस्थानचा प्रमाणवेळ ठरला. परंतु मुंबईकरांनीं आपला ३९ मिनिटांनीं मागें असलेला ‘मुंबई टाइम’ हट्टानें १९५५ पर्यंत चालविला. म्हणजे एकाच शहरांत स्टेशनावर एक वेळ आणि कांहीं सार्वजनिक घड्याळांत दुसरा. पाकिस्ताननें १९५१ सालीं आपला वेळ निराळा केला, आणि आज कराचीचें घड्याळ मुंबईच्या अर्धा तास मागें असतें. मुंबईहून सकाळीं दहाला निघालेलें विमान पावणेदोन तासांनीं कराचीस उतरलें, तर तेथें सव्वाअकराच वाजलेले असतील. वेळापत्रकावरच्या दोन आंकड्यांची वजाबाकी करून जो प्रवासाचा वेळ काढतो, तो अशा वेळीं फसतो. दुबईचें घड्याळ मुंबईच्या दीड तास मागें आहे. तेथें जातांना प्रवास दीड तासाचा वाटतो आणि येतांना साडेचार तासांचा, खरा वेळ मात्र दोन्ही वेळां तीन तासांच्या आसपास.

येथवर जें सांगितलें, तें निसर्गाचें आणि यंत्राचें. पृथ्वीचा आकार, वाऱ्याची दिशा, एंजिनाची शक्ति यांनीं प्रवासाचा वेळ ठरतो, हें खरें. परंतु मुंबई-कराचीच्या बाबतींत शेवटचा शब्द यांपैकीं कोणाचाच नाहीं.

१९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि एका इलाख्यांतील दोन बंदरें दोन राष्ट्रांचीं झालीं. सिंधमधून निर्वासित झालेलीं हजारों कुटुंबें समुद्रमार्गानें मुंबईस आलीं. कल्याणजवळचें उल्हासनगर त्यांतूनच वसलें. तरीहि वाटा लगेच बंद झाल्या नाहींत. त्या तुटत गेल्या, जुळत गेल्या आणि पुन्हां तुटल्या. १९६५ च्या युद्धानें मुनाबाव-खोखरापारची आगगाडीची वाट तोडली. ती १८ फेब्रुवारी २००६ रोजीं, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळानें पुन्हां सुरू झाली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्यें पुन्हां बंद पडली. १९७१ सालीं तुटलेले हवाई संबंध १९७६ सालीं जुळले. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हां दोन वर्षें विमानें थांबलीं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्ताननें आपलें आकाश मिटून घेतलें. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्ताननें भारतीय विमानांना आपलें आकाश बंद केलें. ३० एप्रिलला भारतानें तसेंच उत्तर दिलें. आणि ही बंदी दोन्ही बाजूंनीं महिन्या-महिन्यानें वाढवीत २०२५ अखेरपर्यंत चालू ठेवण्यांत आली.

आकाश बंद होणें म्हणजे काय, हें दिल्लीच्या प्रवाशांना विशेष कळलें. वायव्येकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडे वळून समुद्रावरून जावें लागलें. ताश्कंद आणि अल्माटी हीं शहरें दिल्लीहून फार दूर नाहींत. परंतु वळसा इतका मोठा झाला, कीं लहान विमानांतील इंधन पुरेनासें होऊन तेथील भारतीय उड्डाणें बंद करावीं लागलीं. शहरें जागच्या जागींच होतीं. त्यांच्यामधील आकाशच काढून घेतलें गेलें.

मुंबई आणि कराची यांच्यामध्यें आज थेट प्रवासी विमान नाहीं. ज्याला तेथें जाण्याची परवानगी मिळेल, त्यानें बहुधा दुबईसारख्या तिसऱ्या शहरास वळसा घालावा. मुंबईहून दुबई सुमारें १९३० किलोमीटर; दुबईहून कराची सुमारें ११९०. एकूण ३१२० किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीन पट. हवेंतील वेळच पांच तासांचा. मधला मुक्काम धरला तर दहा-बारा तास सहज जातात. १९३२ सालीं ताशीं १६० किलोमीटरच्या विमानानें, वाटेंत बैलगाडीनें आणलेलें पेट्रोल भरून, हें अंतर सात-सव्वासात तासांत कापलें गेलें. आज विमानाचा वेग पांचपट झाला आहे, आणि प्रवासाचा वेळ कमी होण्याऐवजीं वाढला आहे. यंत्रानें मिळविलेलें सारें सीमेनें घालविलें, इतकाच याचा अर्थ.

ज्यांचें कोणी तिकडे नाहीं, त्यांना हा हिशोब नुसता कुतूहलाचा वाटेल. परंतु ज्या घरांतील एक भाऊ इकडे आणि एक बहीण तिकडे राहिली, त्या घरांत या आंकड्यांचा अर्थ निराळा असतो. मरणाची वार्ता आज एका क्षणांत पोंचते. पोंचत नाहीं तें माणूस. अंत्यदर्शनाला दीड तासाची वाट पुरते, दहा-बारा तासांचीहि कदाचित् पुरेल; परंतु परवान्याची वाट पाहण्यांत जे आठवडे जातात, ते कोणत्याहि विमानाला भरून काढतां येत नाहींत. दोन राष्ट्रांना आपापल्या संरक्षणाचे निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यामागें रक्ताचीं कारणें असतात, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु त्या निर्णयांची किंमत शेवटीं वेळाच्या रूपानें कोण भरतो, हेंहि विसरतां कामा नये.

वेळ केवळ सीमेवरच खर्च होतो असेंहि नाहीं. तो घराच्या दारापासूनच खर्च होऊं लागतो. खांदा कॉलनींतून अंधेरीचा विमानतळ रस्त्यानें सुमारें चाळीस किलोमीटर. शीव-पनवेल मार्गावर गाड्यांची गर्दी असली, कीं तेवढ्यालाच दीड-दोन तास लागतात. त्यांत तपासणीसाठीं दोन-तीन तास आधीं पोंचावयाचें. म्हणजे दीड तासाच्या उड्डाणासाठीं जमिनीवर चार-पांच तास. नव्या विमानतळानें यांतला रस्त्याचा भाग फार कमी होतो. गंमत अशी, कीं नकाशावर नवा विमानतळ कराचीपासून, किंवा दुबईपासून, अंधेरीपेक्षां वीस-पंचवीस किलोमीटर अधिक दूर आहे; खांदा कॉलनींतल्या माणसाला मात्र तो तास-दीड तासानें जवळ. किलोमीटर वाढले आणि वेळ घटला. कराचीच्या उदाहरणांत वेळ वाढला होता, तो माणसानेंच वाढविला होता. येथें घटला, तो माणसानेंच घटविला.

ही जवळीक फुकट मिळालेली नाहीं, हेंहि या ठिकाणीं सांगितलें पाहिजे. सुमारें ११६० हेक्टरांवर पसरलेला हा विमानतळ आणि त्याची ३७०० मीटर लांबीची धावपट्टी मोकळ्या माळावर उतरलेली नाहीं. त्यासाठीं उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे यांसारखीं दहा गांवें उठविलीं. खांदा कॉलनी ज्या नव्या पनवेलचा भाग आहे, तेंहि सिडकोनें अशाच गांवांच्या भातशेतांवर वसविलें आहे. कॉलनीचें नांवच मुळीं जुन्या खांदा गांवाचें. जमिनींचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत जें आंदोलन झालें, त्यांत गोळीबारांत पांच जण बळी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्याचें फळ. नव्या विमानतळास त्यांचें नांव द्यावें, या मागणीसाठीं २०२१ सालीं हजारों भूमिपुत्र रस्त्यावर आले, तें या आठवणीमुळेंच.

या गांवांतील माणसें फार दूर गेलीं नाहींत. बहुतेकांचें पुनर्वसन त्याच पनवेल तालुक्यांत, कांहीं किलोमीटरांवर झालें. नकाशावर हें अंतर बोटाच्या पेराएवढेंहि नाहीं. परंतु खाडींत मासे धरणारा आणि मिठागरांत राबणारा मनुष्य खाडीपासून तोडला गेला, म्हणजे तो किती दूर गेला, हें किलोमीटरांत सांगतां येत नाहीं. १९९७ च्या सुमारास निघालेली या विमानतळाची कल्पना प्रत्यक्षांत येण्यास अठ्ठावीस वर्षें लागलीं. पहिल्या चर्चेच्या वेळीं जीं मुलें शाळेंत होतीं, त्यांचीं मुलें आतां शाळेंत आहेत. इतरांचा तासभर वांचावा म्हणून कोणाचीं किती वर्षें गेलीं, हा हिशोब प्रत्येक प्रवाशानें एकदां तरी मनाशीं करण्यासारखा आहे.

म्हणून अमुक शहर किती दूर, असा प्रश्न निघेल तेव्हां त्याचें उत्तर तीन भागांत द्यावें लागेल. पहिला भाग पृथ्वीचा : तो अक्षांश-रेखांशांनीं ठरलेला आहे आणि कोणासाठीं बदलत नाहीं. दुसरा भाग यंत्राचा आणि वाऱ्याचा : तो विद्येनें कमी होत आला आहे आणि पुढेंहि होईल. तिसरा भाग माणसांच्या आपसांतील संबंधांचा : तो कधीं तासांत, कधीं आठवड्यांत, कधीं पिढ्यांत मोजावा लागतो. पहिल्या दोन भागांचें उत्तर कोणतेंहि भूगोलाचें पुस्तक आणि कोणतेंहि वेळापत्रक देईल. तिसऱ्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं. कराची आजहि मुंबईपासून ८७५ किलोमीटरांवर आहे, दिल्लीहून जवळ. त्या अंतराला पावणेदोन तास लागावे कीं दोन दिवस, हें ठरविण्याचें काम निसर्गानें केव्हांच माणसांवर सोंपविलें आहे.